पाचशेची मोड, मटकीचे मोड

घरी पाहुणे आले की मी आदल्या रात्रीच विचारून ठेवते, उद्या उठणार किती वाजता? कारण नाशिक सकाळी खातं. गंगेवर पहाटेच्या अंघोळीला आलेला भाविक, रात्रीतून भाजीची गाडी भरून मार्केटला पोहोचलेला शेतकरी आणि सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला निघालेला कामगार, या तिघांनाही एकाच सुमारास भूक लागते. त्यांच्यासाठी चुली पेटतात आणि उरलेलं शहर मागोमाग रांगेत येऊन उभं राहतं. इथलं सगळ्यात चविष्ट खाणं सगळ्यात स्वस्तही आहे, आणि त्यातलं बरंचसं दुपारी बाराच्या आत संपतं. हे ज्याने मनावर घेतलं, त्याचे नाशकात दोन दिवस झकास जातात.

(गंगा म्हणजे गोदावरी. नाशिककर नदीला गोदावरी फक्त पत्ता लिहिताना म्हणतो. बोलताना ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच म्हणतो.)

तर पाचशेची एक नोट बाजूला काढून ठेवा. दोघांचा दिवस तिच्यात बसवायचा आहे.

नोट गावचीच

ती नोट खिशात घालण्याआधी उलटून पाहा. देशात नोटा छापणारे चारच कारखाने आहेत: नाशिकरोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. त्यातला सगळ्यात जुना नाशिकरोडचा, १९२८ सालचा. त्याआधी आपल्या नोटा बोटीने इंग्लंडहून छापून येत. इथल्या छापखान्यात पहिल्यांदा छापली गेली ती पाच रुपयांची नोट. शेजारचा सिक्युरिटी प्रेस तर त्याहूनही जुना, पोस्टाची तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापणारा. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. म्हणजे तुम्ही हॉटेलच्या गल्ल्यावर देता ती नोट कदाचित इथून दहा किलोमीटरवरच जन्मली असेल आणि देशभर फिरून माहेरी आली असेल.

मिसळ: आधी वास, मग जागा, मग बाकी सगळं

नाशिकची मिसळ ताटात येते. स्टीलच्या खोलगट वाटीत मोड आलेली मटकी, वर शेव, कधी पापडी. बाजूला बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड, दही, भाजलेला किंवा तळलेला पापड आणि पाव. रस्सा वेगळ्या भांड्यात. पुण्याच्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी डोकावते, कोल्हापूरकर पावाऐवजी स्लाइस ब्रेड घेतो आणि रश्श्याला कट म्हणतो. नाशिकची खूण म्हणजे तो पापड. पापड नसलेली मिसळ समोर आली तर अस्सल नाशिककर आधी टेबलाखाली पडला का बघतो, मग वेटरला हाक मारतो.

आणि रस्सा मोजून मिळत नाही. बादली नाहीतर किटली घेऊन एक पोरगा टेबलांमधून फिरत असतो, ‘रस्सा? रस्सा?’ मान हलली की ओतला. पावाला मात्र पैसे पडतात. म्हणून कॉलेजातली पोरं एका पावात दोन वाट्या रस्सा बसवायची कला शिकून घेतात. माझ्या भावाने ती बारावीतच आत्मसात केली होती.

आता जायचं कुठे? इथे प्रत्येक घराचं एक दैवत असतं आणि त्यावरून सोयरिकी मोडायची वेळ येते. तरीही सांगते.

पंचवटी कारंजावर ‘अंबिका’. हिचा रस्सा काळा. पहिल्यांदा पाहणारा जरा दचकतो, पण हा रंग जळक्याचा नाही, काळ्या मसाल्याचा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजायचं, लाल मिरची आणि खडा मसाला परतायचा आणि सगळं एकत्र वाटायचं. हाच मसाला नाशिक-खानदेशात मटणाला लागतो. म्हणजे ही मिसळ मटणाच्या रश्श्याची शाकाहारी धाकटी बहीण आहे. रविवारी सकाळी अंबिकेत बसून मटकी खाणारे अनेक जण दुपारी घरी जाऊन तोच मसाला मटणात खातात आणि दोन्हीला तितकाच न्याय देतात.

या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं. दगडफूल दगड नाही आणि फूलही नाही. झाडाच्या सालीवर, खडकावर शेवाळ आणि बुरशी यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. दोघं एकमेकांच्या आधाराने जगतात. नुसतं हुंगलं तर जुन्या कपाटासारखा वास येतो, तेलात पडलं की सगळी आळी जागी होते.

जुन्या नाशकात ‘सीताबाईंची मिसळ’. एका बाईने कष्टाने उभी केलेली आणि तिच्याच नावाने गाव ओळखतं अशी जागा. मेन रोडच्या बाजूला गेलात तर ‘भगवंतराव’; तिथे मिसळीनंतर गोडासाठी दुकान बदलावं लागत नाही, कारण मुळात मिठाईवालेच ते. सातपूरला ‘श्यामसुंदर’, तिथे कामगारांची रांग आणि गाडीतून आलेल्या कुटुंबाची रांग एकच असते. कॉलेज रोडला ‘तुषार’, तिथल्या टेबलावर अर्ध्या गावाची प्रेमं जमली आहेत.

आणि मग मळ्यातल्या मिसळी. गेल्या काही वर्षांत मिसळ गावाबाहेर पडली. बारदान फाट्याकडे ‘साधना’ने ती चुलीवर चढवली. मखमलाबादला ‘ग्रेप एम्बसी’त तुम्ही चक्क द्राक्षाच्या मळ्यात बसून रस्सा ओरपता. रविवारी इथे जत्राच भरते. आजी-आजोबा, नातवंडं, झोके, आणि गाड्या लावायला अर्धा मळा. गावातल्यापेक्षा थोडे जास्त पैसे जातात, पण घरातले चार-सहा जण एकत्र जाणार असाल तर ते वसूल होतात. पाचशेच्या नोटेत दोघांनी बसायचं असेल तर मात्र गावातलीच मिसळ बरी.

दोन सल्ले. तर्री मागून घ्या, म्हणजे रश्श्यावर तरंगणारं तिखट तेल. पण वेगळ्या वाटीत. आणि पहिला घास रस्सा न घालता नुसत्या मटकीचा घ्या. मटकी नीट मोडाची असेल तर ती दाताखाली कुरकुरते. मटकी हे आपल्याच मातीतलं, कमी पावसात तग धरणारं कडधान्य. भिजवून फडक्यात बांधली की एका रात्रीत मोड फुटतात. सुट्या पैशांनाही आपण मोडच म्हणतो आणि माझ्या लहानपणी मला खरंच वाटायचं की गल्ल्यावरचे काका पाचशेची नोट फडक्यात बांधून ठेवतात.

‘संपली ना भो’

एकदा मुंबईचे पाहुणे आवरता आवरता साडेबारा वाजले. एका नावाजलेल्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा टेबलं पुसून खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या.

“दादा, चार प्लेट मिसळ.”

“संपली ना भो, ताई. उद्या या.”

“अहो, मुंबईहून आलेत हे.”

“मग मुक्काम करा की! उद्या सकाळी आठला या, गरम देतो.”

त्याने हे इतक्या आपुलकीने सांगितलं की पाहुणे खरंच राहिले. ‘भो’ हा नाशिक-खानदेशचा शब्द. भाऊचं लाडकं रूप. पुणेकर जिथे ‘राव’ लावतो तिथे आम्ही ‘भो’ लावतो, आणि घाईत असलो की समोर ताई आहे की दादा हे बघत नाही.

जिलबी, पण उभ्याने

मिसळीने तोंड पोळलं की पाय आपोआप गोडाकडे वळतात. जुन्या नाशकात ‘बुधा हलवाई’ म्हणजे जिलबी, एवढंच समीकरण आहे. गरम असतानाच, कागदात घेऊन, दुकानासमोर उभ्याने खायची.

जिलबी पडताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे. हलवायाच्या मुठीत आंबवलेल्या पिठाने भरलेलं जाड फडकं, त्याला खाली एक बारीक भोक. पुढ्यात सपाट बुडाची तई, तिच्यात तूप. मनगट फिरतं, आधी बाहेरचा वेढा, मग आतले, मग एक रेघ आडवी ओढून गाठ. दुसरी, तिसरी, पंधरावी. तई भरते तोवर पहिली उलटायला आलेली असते. झाऱ्याने उचलली की थेट पाकात. पाकात पडताना ती ‘चुर्र’ करते, तो आवाज आला पाहिजे. आवाज आला म्हणजे जिलबी गरम, पाक कोमट आणि वळसे पोकळ. त्या पोकळीतच पाक शिरतो. आवाजच आला नाही तर दुसऱ्या घाण्याची वाट बघा.

ही आली पश्चिम आशियातून. तिकडे तिच्या नात्यातल्या पदार्थाला जुलबिया म्हणतात. आपल्याकडे पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात तिचा उल्लेख आहे. म्हणजे मिरची भारतात यायच्या आधीपासून जिलबी इथे होती. मिसळीनंतर जिलबी खाणारा हा कालक्रम उलटा खातो, एवढंच.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मात्र उशिरा जाऊ नका. झेंडावंदन करून पांढऱ्या गणवेशातली पोरं आई-बाबांचं बोट धरून थेट रांगेत येतात.

उपवासाचा वडा आणि चार परदेशी

मेन रोडच्या भागात ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा. बाहेरून कडक, आतून लुसलुशीत, सोबत दाण्याची पातळ चटणी. एकादशीला इथली गर्दी बघून कळतं की उपवास हा नाशकात सामुदायिक सण आहे.

आता त्या वड्यात काय असतं ते बघा. साबुदाणा: कसावा नावाच्या कंदाचा, जो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा: तोही तिथलाच, आणि आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला. शेंगदाणे: दक्षिण अमेरिका. हिरवी मिरची: तीही अमेरिकेचीच. उरतात जिरं आणि मीठ. आपल्या आज्यांनी सोवळ्यात राहून केलेला सगळ्यात पवित्र पदार्थ सातासमुद्रापलीकडच्या चार पाहुण्यांचा बनला आहे. मला यात कमीपणा काहीच वाटत नाही. उलट, परकं म्हणून आलेलं किती प्रेमाने आपण देवाच्या नावावर आपलं करून घेतो, याचा अभिमानच वाटतो.

साबुदाणाही नाशिकचा नाही, तो येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून साबुदाणा येणं बंद झालं, तेव्हा तिकडे तो धंदा मूळ धरू लागला.

पण उपवासाचा एक पदार्थ पक्का इथला आहे, भगर. पुण्या-मुंबईकडे हिला वरी किंवा वरीचे तांदूळ म्हणतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारावर वरई होते आणि नाशकातल्या भगर मिलांमध्ये तिची साल निघून ती बाजारात जाते. भगर आणि दाण्याची आमटी, वर तुपाची धार. साबुदाण्याच्या निम्म्यानेही तिचं कौतुक होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुठे भगर-आमटीची पाटी दिसली तर वडा सोडून ती घ्या. पोटाला हलकी, खिशाला हलकी, आणि पैसे डोंगरातल्या बाईपर्यंत पोहोचायची शक्यता जास्त.

चिवड्याचे तीन ‘जी’

कोंडाजी, मकाजी, माधवजी. नाशिकच्या चिवड्याची ही तीन नावं आणि तिन्हींचे कट्टर भक्त. परगावी जाताना आम्ही मिठाईच्या डब्याऐवजी चिवड्याची पुडी नेतो. घरी आणल्यावर त्यात बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळून लगेच खायचा. ‘थोड्या वेळाने खाऊ’ म्हणालात तर तो मऊ पडतो.

उलटा वडापाव

वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं मानलं जातं. नाशिकच्या पोरांनी तो घेतला आणि उलटा केला. पावात बटाट्याची भाजी भरायची, मग अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा. वड्यात पाव की पावात वडा, हा वाद कॉलेज रोडला अजून मिटलेला नाही. पोट मात्र एकातच भरतं. दुपारी तीन ते पाचच्या मधे, जेव्हा मिसळ संपलेली असते आणि भेळ लागलेली नसते, तेव्हा याची किंमत कळते.

आणि मुंबईहून रेल्वेने येत असाल तर वडापावाचा पहिला मान इगतपुरीला. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट इतका खडा आहे की दर ३७ फुटांना गाडी एक फूट चढते. म्हणून कसाऱ्याला मागून रेटणारी जादा इंजिनं लागतात आणि इगतपुरीला ती सुटतात. पूर्वी तर मुंबईकडची वीज डीसी आणि पुढची एसी, त्यामुळे इगतपुरीत गाडीचं इंजिनच बदलायचं. इंजिन बदलेपर्यंत प्रवासी काय करणार? खिडकीतून हात बाहेर, हातात गरम वडा, आणि बाहेर घाटातलं धुकं. विजेची ती भानगड २००६ च्या आसपास संपली, वडे तळणं चालू राहिलं. माझी आत्या कल्याणहून यायची तेव्हा इगतपुरी गेलं की लगेच फोन करायची, “वडा खाल्ला. आता तासाभरात पोचते.”

गंगेवरची भेळ

संध्याकाळी गंगाघाटावर जा. रामकुंडाच्या पायऱ्या, देवळांच्या घंटा, गांधी तलावाकडून येणारा गारवा आणि भेळभत्त्याच्या गाड्या. भत्ता म्हणजे मुरमुरे, शेव, फरसाण, डाळं यांचं सुकं मिश्रण. त्यात चटण्या पडल्या की भेळ. पण खरी गंमत सुक्या भत्त्यात आहे. कागदाच्या पुडीत भत्ता, त्यावर कांदा आणि सोबत मिठात तळलेली हिरवी मिरची. ती मिरची दाताने तोडायची आणि पाठोपाठ मूठभर भत्ता तोंडात टाकायचा.

बुधवारी गेलात तर घाटावरच आठवडे बाजार भरलेला असतो. मेथीच्या जुड्या, गावठी लसूण, नागलीचे पापड. मे-जूनमध्ये डोंगरातल्या बाया पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणतात ती हीच. माप द्रोणाचं असतं. घासाघीस करू नका, उन्हातान्हात काटेरी जाळीत हात घालून वेचलेली असतात ती.

गावातला कांदाही जवळचाच, लासलगावचा. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कांद्याचे भाव कडाडले की मिसळीच्या ताटात गुपचूप कोबी येतो. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतलं सरकार पाडलं होतं, तेव्हा हॉटेलवाल्यांवर रागावू नका. आणि भाव पडले की याच जिल्ह्यातला शेतकरी रस्त्यावर कांदा ओतताना दिसतो. त्या दिवसांत ताटातला कांदा मागे ठेवून उठायला मला जमत नाही.

रसवंतीचं नाव

उन्हाळ्यात घुंगरांचा आवाज आला की रसवंती आलीच. नाशिकला काय, महाराष्ट्रात कुठेही पाटी बघा: ‘कानिफनाथ’ नाहीतर ‘नवनाथ’. हे उगाच नाही. रसवंतीच्या धंद्यात उतरलेली कितीतरी कुटुंबं पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यातली. तिथल्या बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. पोट भरायला गाव सोडताना त्यांनी देव सोबत घेतला आणि पाटीवर लिहिला. आलं-लिंबू घातलेला रस घ्या, बर्फ कमी सांगा. नोट मोडून राहिलेल्या सुट्या पैशांत आरामात बसतो.

सिडकोतलं खानदेश

कारखाने आले तसे जळगाव-धुळ्याकडचे लोक नाशकात आले आणि सिडको-सातपूरच्या घराघरांत खानदेश वसलं. त्यामुळे इथल्या छोट्या खानावळींमध्ये शेवभाजी, वरणबट्टी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळसर दिसते, पण भरीत, कच्च्या तेलाची धार आणि मिरचीचा ठेचा यांच्यासोबत ती खाल्ली की माणूस संध्याकाळपर्यंत खाण्याचं नाव काढत नाही.

शेवभाजीला नाकं मुरडणाऱ्यांना एवढंच सांगते. दुष्काळी मुलखात ज्या दिवशी घरात भाजी नसायची, त्या दिवशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शेव टाकून कुणीतरी माउलीने पोरांना जेवू घातलं असणार. ती चव ढाब्यावर नाही, अशाच खानावळीत सापडते. पाटी साधी असते, बाक लाकडी असतो, आणि वाढणारी मावशी ‘अजून एक घे ना’ म्हणत विचारायच्या आत भाकरी ताटात टाकते.

डूलाली

देवळाली कॅम्पात ब्रिटिशांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन रणरणतं, कित्येकांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा असा शब्दच रूढ झाला. पूर्ण शब्द ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! आज देवळालीला लोक उलट कारणासाठी जातात, चांगल्या हवेत डोकं शांत करायला. पारशी आणि गुजराती सॅनेटोरियमं आहेत, त्यामुळे सकाळच्या फेरफटक्यानंतर गुजराती फरसाण आणि चहा हा इथला ठरलेला बेत.

मणी

फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं. घड घेण्याआधी गाडीवाल्याला विचारा, ‘मणी आहेत का?’ घडातून सुटलेल्या द्राक्षांना इथे मणी म्हणतात. चव तीच, गोडी तीच, कधी जास्तच, कारण पिकलेला मणीच आधी सुटतो. फक्त घडाचा रुबाब नसतो, म्हणून स्वस्त. पिशवीभर घ्या आणि त्याच दिवशी संपवा. पाहुण्यांना फोटोसाठी घड हवा असतो. मी त्यांना एक घड घेऊ देते आणि खाताना मण्यांची पिशवी पुढे करते.

आणि जिथे नोट लागतच नाही

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीपासून हजारो माणसं पावसात, चिखलात, बहुतेक अनवाणी चालतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईने डबा भरून दिला होता, उपवासाचा. तो डबा उघडायची वेळच आली नाही. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या बांधून गावोगावची मंडळं उभी. कुठे साबुदाण्याची खिचडी, कुठे केळी, कुठे राजगिऱ्याचे लाडू, आणि दर थोड्या अंतराने चहा. पैसे विचारले तर हात जोडतात. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या आखाड्यांच्या पंगतींमध्येही हेच पाहिलं. कोण, कुठला, कशासाठी आला, कुणी विचारत नव्हतं. बसा म्हणायचे आणि पत्रावळ पुढे ठेवायचे. पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे, तेव्हा पुन्हा चुली पेटतील.

त्या फेरीत पहाटे तीनच्या सुमाराला एका वळणावर आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी, हातात थाळी, थाळीत कागदी कप. शेजारी तिचे आजोबा किटलीतून चहा ओतत होते. माझे हात थंडीने आखडले होते. तिने दोन कप उचलून दिले.

“मला एकच पुरे, बाळा.”

“एक प्यायला, एक हात शेकायला,” ती म्हणाली.

सकाळी घरी आल्यावर ओल्या पिशवीतून पाचशेची नोट काढून पंख्याखाली वाळत घातली. मोडलीच नव्हती.